घरची माहिती नोट्सच्या अ‍ॅपमध्ये कशी ठेवता? (ऐन वेळी सापडेल अशी)

ऐरोलीकर

मंडळी, सल्ला हवाय. आम्ही ऐरोलीत, आईबाबा नौपाड्यात, बहीण खारघरला. दोन्ही घरांचे व्यवहार हळूहळू माझ्याकडे आलेत: लाईटबिल, गॅस, मालमत्ता कर, बाबांचं पेन्शन, आईच्या तपासण्या, गाड्यांचे विमे, सोसायटीचे कागद. माहिती सगळी आहे हो, पण कुठे आहे ते विचारू नका. थोडी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजांत, थोडी बायकोच्या गूगल कीपमध्ये, एक एक्सेल ऑफिसच्या लॅपटॉपवर. सगळ्यात खात्रीची बाबांच्या डायरीत, आणि ती फक्त बाबांनाच वाचता येते.

हे एका जागी आणायचंय. अटी अशा. मराठीत लिहिता आणि मराठीतच शोधता आलं पाहिजे. बायको आणि बहीण दोघींना दिसलं पाहिजे (बहिणीकडे आयफोन, आमच्याकडे अँड्रॉइड). नेट नसताना उघडलं पाहिजे, कारण गरज लागते तिथेच नेमकी रेंज नसते. फुकट असेल तर उत्तम, थोडे पैसे द्यायचीही तयारी आहे.

यूट्यूबवर बघायला गेलो तर जो तो 'दुसरा मेंदू' (डोक्यातलं सगळं साठवणारी भलीमोठी नोट्सव्यवस्था) बांधतोय. मला मेंदू नको, महावितरणचा ग्राहक क्रमांक हवाय. तुम्ही प्रत्यक्षात काय करता ते सांगा. अ‍ॅप कुठलं ते नंतर बघू, आधी पद्धत सांगितलीत तरी चालेल.

पोहे_विनाशेंगदाणे

वाचतेय. आमच्याकडे फ्रिजवर चुंबकाने लावलेला कागद आहे. शेअरिंग उत्तम, रेंजची अट नाही, बॅकअप मात्र शून्य.

मीनल_नेरूळ

ऐरोलीकर, आमचंही बरंचसं तुमच्यासारखंच. सासूबाई नेरूळला सिडकोच्या जुन्या घरात, आम्ही सीवूड्सला, दीर परदेशात. मी कीप वापरते, कारण ते सगळ्यांच्या फोनवर चालतं, नेट नसलं तरी उघडतं, नोट शेअर करता येते आणि सासूबाईंनाही जमतं. याहून भारी ॲप असतील, पण ती सासूबाई उघडणार नाहीत.

फोल्डरबिल्डर काही नाही. लेबलं मोजकीच: नेरूळ, सीवूड्स, तब्येत, गाडी, मुलं. खरं काम शीर्षक करतं. घरातली माणसं एखाद्या गोष्टीला जी जी नावं घेतात ती सगळी मी शीर्षकात टाकते. मी 'लाईटबिल' म्हणते, सासूबाई 'मीटर' म्हणतात, नवऱ्याच्या तोंडी अजून 'एमएसईबी' (२००५ मध्येच मंडळाच्या कंपन्या होऊन महावितरण आलं, पण आमच्या घरापर्यंत बातमी पोचलेली नाही). तर नोट अशी:

लाईटबिल वीज मीटर एमएसईबी महावितरण – नेरूळ घर
ग्राहक क्रमांक (१२ आकडी): …
बिलिंग युनिट: …
कनेक्शन कोणाच्या नावावर: अजून सासऱ्यांच्या
कोणाचा मोबाईल जोडलाय: माझा
मीटर कुठे: जिन्याखाली, डावीकडून तिसरा, लाल टिकली लावलेला
मूळ कागद: निळी फाईल, लोखंडी कपाट, वरचा कप्पा

शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फोनमधला फोटो कितीही स्वच्छ असला तरी खिडकीपलीकडचा माणूस 'ओरिजिनल आणलंय का' हेच विचारणार. टिकली मीच लावलीय. वायरमन आला की सासूबाई त्याला खाली पाठवून एवढंच सांगतात, 'टिकलीवाला.'

तब्येतीची नोट वेगळी आणि माणशी एकच. वर ॲलर्जी, मग आजार, मग चालू गोळ्या: नाव, किती एमजी, १-०-१ की ०-०-१, कशासाठी, कोणी दिली, कधीपासून. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती सगळ्यात वर, दात काढायला गेलं तरी विचारतात. बंद झालेली गोळी मी पुसत नाही. खाली 'बंद' म्हणून सरकवते, सोबत कारण लिहिते. 'ही पूर्वी दिली होती का, मग का थांबवली?' असं नवीन डॉक्टर हमखास विचारतात आणि तेव्हा घरातले सगळे एकमेकांची तोंडं बघतात. रिपोर्ट या नोटेत कोंबत नाही. ते ड्राइव्हवर, फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कसला रिपोर्ट. असं नाव दिलं की आपोआप तारखेने लागतात.

गाठीवरगाठ

कीप म्हणजे पिवळ्या चिठ्ठ्यांचा ढीग हो! शंभरेक नोटा झाल्या की नुसतं सरकवत बसायचं. ऑब्सिडियन बघा. त्यात प्रत्येक नोट म्हणजे तुमच्याच फोनवर, तुमच्याच फोल्डरमध्ये असलेली साधी टेक्स्ट फाईल, मार्कडाउन नावाच्या साध्या खुणांच्या पद्धतीत. उद्या कंपनी गुंडाळली तरी फाईल नोटपॅडमध्ये उघडेल. आणि एका नोटेतून दुसरीत दुवा देता येतो: गाडीच्या नोटेतून विम्याकडे, विम्यावरून एजंटकडे, एजंटवरून त्याने घेतलेल्या बाकीच्या पॉलिसींकडे.

कल्पना जुनी आहे. निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने साधारण ९०,००० चिठ्ठ्या लाकडी खणांत ठेवल्या होत्या. प्रत्येकीला क्रमांक आणि एकीवर दुसरीचा निर्देश. त्यांचं बहुतेक लिखाण त्या खणांतून निघालं. कॉम्प्युटर नाही, शोधायचं बटण नाही, तरी हवं ते सापडायचं.

पोहे_विनाशेंगदाणे

लुमानसाहेबांना सीएनजीच्या टाकीचं दर तीन वर्षांचं टेस्टिंग लक्षात ठेवायचं नव्हतं. ह. घ्या.

गाठीवरगाठ

हलकंच घेतलं :) आणि खरं सांगायचं तर घरच्यांबरोबर वाटून वापरायला ऑब्सिडियन अवघड आहे. सिंकला पैसे मोजा, नाहीतर स्वतः खटपट करा. मी वाचनाच्या आणि कामाच्या नोटांना ते वापरतो. घरचं सगळं बायकोच्या कीपमध्ये. तिने माझ्या नोटांमधल्या दुव्यांचं ते गाठींचं चित्र एकदा पाहिलं आणि विचारलं, 'छान आहे. यात गॅसचा ग्राहक क्रमांक कुठाय?'

डॅशबोर्ड_देवी

नोशनचं नाव अजून कसं कोणी घेतलं नाही! सजावट करणारे सजावट करोत, मला त्यातला तक्ता आवडतो. एकच तक्ता: काय, कोणाचं, क्रमांक, मुदत कधी संपते, नूतनीकरण कुठे. मुदतीच्या रकान्यावर क्रम लावला की पुढच्या महिन्यात काय येतंय ते समोर. पीयूसी, गाडीचा विमा, एसीचं एएमसी, पासपोर्ट, आरोग्य विमा. पासपोर्ट दहा वर्षांचा असला तरी बरेच देश प्रवासाच्या वेळी सहा महिने शिल्लक मागतात, म्हणून मी तिथे साडेनऊ वर्षांचीच तारीख टाकते. हे कीपच्या चिठ्ठ्यांत कसं करणार?

मीनल_नेरूळ

देवी, तारखा मी नोटेत ठेवतच नाही. त्या कॅलेंडरमध्ये, घरातल्या सगळ्यांच्या, मुदतीच्या आधी महिनाभर. नोट आपण उघडली तर दिसते. पीयूसी संपली म्हणून कोणी आपणहून नोट उघडत नाही. मुदत कळते ती चौकात, हवालदाराकडून.

नोशनला नेटचं काय?

डॅशबोर्ड_देवी

ऑफलाइनची सोय २०२५ मध्ये आली. पान आधी फोनवर उतरवून ठेवलेलं असावं लागतं. ऐन वेळी आठवून उपयोग नाही, हे मान्य. कॅलेंडरचंही मान्य, पण तक्ता सोडणार नाही.

मासुंदा_काठी

ऐरोलीकर, मी तुमच्या वडिलांच्या बाजूचा. मीही नौपाड्यातला आणि डायरीवालाच.

दर जानेवारीत जुन्या डायरीतलं नव्या डायरीत हाताने उतरवतो. चार दिवस जातात. पण उतरवताना प्रत्येक गोष्ट डोळ्यांखालून जाते आणि जी उतरवावीशी वाटत नाही ती गळते. माझ्या मुलाच्या ॲपमध्ये २०१४ साली घेतलेल्या फ्रिजची वॉरंटी अजून आहे. फ्रिज कधीच गेला.

वडिलांकडून डायरी काढून घेऊ नका. संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसा, त्यांनी वाचायचं आणि तुम्ही लिहायचं. आमच्या पिढीने बरंच काही आद्याक्षरांत लिहून ठेवलंय. माझ्या डायरीत 'ठा. ज. स.' आहे. ती ठाणे जनता सहकारी, म्हणजे आजची टीजेएसबी, हे मुलाला सांगावं लागलं. शेजारी नुसतं 'वामन ५०' असंही आहे. त्याचा अर्थ तर माझ्याशिवाय कोणालाच लागणार नाही, आणि मला सांगायचाही नाही.

पेन्शनच्या नोटेत एवढं हवंच: पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, बँकेची शाखा, पेन्शनला जोडलेला मोबाईल आणि हयातीच्या दाखल्याची प्रमाण आयडी. केंद्राच्या पेन्शनरांचा दाखला नोव्हेंबरात, ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. 'जीवन प्रमाण', म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, २०१४ पासून आहे, आता चेहरा दाखवून घरबसल्याही होतं. बोटांचे ठसे उमटत नाहीत त्या वयात ही मोठीच सोय.

शून्यबग

'मराठीत शोधता आलं पाहिजे' या अटीकडे कोणीच वळलं नाही, म्हणून लिहितो. माझं कामच या भानगडीचं आहे. लांबेल, माफ करा.

ऐरोलीकरांनी वर 'अ‍ॅप' लिहिलंय, मीनलताईंनी 'ॲप'. डोळ्यांना एकच. आत वेगळं. ऐरोलीकरांच्या शब्दात अ, मग न दिसणारा एक जोडक, मग वरचा चंद्र. मीनलताईंचा ॲ हे एकच अक्षर आहे, युनिकोडमध्ये (संगणकासाठी ठरवलेल्या अक्षरांच्या जागतिक यादीत) २००८ साली आलेलं. तिसरी पद्धत जोडकाशिवायची. कोणता कीबोर्ड काय उमटवतो त्यावर ते अवलंबून. काही ॲप शोधताना हे सांभाळून घेतात, काही घेत नाहीत, आणि नवऱ्याने ॲक्सिस लिहिलेलं बायकोला सापडत नाही. 'सासऱ्यांच्या' मधल्या त्या अर्ध्या र चंही तेच. तोही दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो सारखाच.

याहून मोठी अडचण आपल्या व्याकरणाची. शीर्षकात 'विम्याची तारीख' लिहिलंत आणि शोधताना 'विमा' टाकलंत तर नोट येणार नाही, कारण 'विमा' ही अक्षरं त्या शीर्षकात नाहीतच. 'ठाण्याच्या घराचा कर' हे 'ठाणे' टाकून सापडणार नाही. पुणे-पुण्याला, दवाखाना-दवाखान्यात, किल्ली-किल्ल्या, सगळीकडे हाच घोळ. इंग्रजी शब्दांची रूपं ओळखणारा शोध पुष्कळ ठिकाणी असतो, मराठी सामान्यरूप ओळखणारा नोट्सच्या ॲपमध्ये मी अजून पाहिलेला नाही. म्हणून शीर्षकात शब्द मूळ रूपात, विभक्ती न लावता, एकापुढे एक लिहायचे. मीनलताईंचं शीर्षक पुन्हा वाचा, एकाही शब्दाला प्रत्यय नाही. वाक्य म्हणून ते भयंकर आहे, शोधायला उत्तम.

शुद्धलेखनाचा अभिमानही थोडा बाजूला ठेवा. घरात कोणी 'वीज' आणि कोणी 'विज' लिहिणारं असेल तर दोन्ही टाका. आणि आकडे कृपा करून इंग्रजीच वापरा. मराठी आकड्यांत लिहिलेला ग्राहक क्रमांक दिसतो छान, पण बिल भरायच्या रकान्यात चिकटवला की बहुतेक साइट 'चुकीचा क्रमांक' म्हणतात, आणि माणूस अर्धा तास बारा आकडे पुन्हा पुन्हा ताडून बघतो.

फोटोतला मजकूर शोधून देण्याची सोय कीपमध्ये आहे, वननोटमध्येही. छापील इंग्रजीला चालते. डॉक्टरांच्या अक्षराबद्दल न बोललेलं बरं.

पोहे_विनाशेंगदाणे

शून्यबग, दंडवत. आत्ता माझ्याच फोनमध्ये 'दवाखाना' शोधलं, काही नाही. 'दवाखान' शोधलं, तीन नोटा!

शून्यबग

तोच उपाय. शेवटचं अक्षर खाऊन शोधायचं. 'विम' टाका, विमाही येईल आणि विम्याचाही. विमान आलं तर सोडून द्या.

कुलूपकिल्ली

सगळं छान चाललंय, पण कोणत्या गोष्टी नोटेत ठेवायच्याच नाहीत तेही ठरवा.

कीप, वननोट, नोशन यांतला मजकूर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतो. कुलूप आहे, किल्ली कंपनीकडेही आहे. तसं चालणार नसेल तर जॉप्लिनमध्ये ती सोय चालू करता येते आणि ते मुक्त स्रोत आहे. स्टँडर्ड नोट्समध्ये ती मुळातच आहे. आयफोनच्या नोट्समध्ये एकेका नोटेला कुलूप लागतं, कीपमध्ये तसं नाही. लाईटबिलाच्या नंबराला एवढं कडेकोट कशाला, हे मला पटतं. पण पासवर्ड, पिन, कार्डामागचे तीन आकडे कुठल्याही नोटेत नकोत, कोडं घालूनही नकोत. त्यासाठी बिटवॉर्डन किंवा कीपास यांसारखं वेगळं साधन वापरा. आणि नोट शेअर केलीत की समोरच्याचा हरवलेला फोन ही तुमचीही काळजी होते, एवढं धरून चाला.

बँकेच्या नोटेत शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, नॉमिनी कोण आणि पासबुक कुठे, एवढं पुरतं. आधारचा फोटो गॅलरीत आणि व्हॉट्सॲपवर लोळत असतो तो काढा. यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवता येतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. बऱ्याच ठिकाणी तेवढ्याने भागतं.

बाकी सरकारी कागद डिजिलॉकरमध्ये. तिथे दोन कप्पे आहेत आणि लोकांची गल्लत होते. खात्याकडून थेट आलेला कागद, म्हणजे 'इश्यूड', कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा. आपण स्कॅन करून चढवलेला 'अपलोडेड' हा नुसता स्कॅनच.

पोहे_विनाशेंगदाणे

म्हणजे चौकात डिजिलॉकरमधलं आरसी दाखवलं तर चालतं?

कुलूपकिल्ली

इश्यूड असेल तर हो. रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१८ मध्येच सगळ्या राज्यांना तसं कळवलंय. गॅलरीतला फोटो चालत नाही.

बी_विंग_सेक्रेटरी

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचा पाच वर्षं सेक्रेटरी आहे, कोणी सोडवत नाही. घराच्या कागदांबद्दल बोलतो.

पुनर्विकासाची नुसती कुणकुण लागली तरी सभासद कागद शोधायला लागतात. निम्म्यांकडे करारनाम्याची झेरॉक्स असते, तीही पहिल्या पानाशिवाय. घराची एक नोट करा आणि त्यात आधी दस्ताचा क्रमांक लिहा. इंडेक्स टूवर (नोंदणी कार्यालयातून मिळणारा दस्ताचा गोषवारा) वरच्या कोपऱ्यात असतो, ठाण्याचा असेल तर 'टनन', त्यापुढे कार्यालयाचा आकडा, मग दस्त क्रमांक, मग वर्ष. कागद हरवला तरी एवढ्यावर नोंदणी विभागात दस्त शोधता येतो आणि प्रमाणित नक्कल काढता येते. क्रमांक नसेल तर नुसतं नाव सांगत फिरावं लागतं, आणि त्या नावाचे ठाण्यात शेकड्याने निघतात.

पुढे लिहा: शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक, त्यावर आज नाव कोणाचं, नॉमिनेशन फॉर्म दिलाय का आणि सोसायटीची पोच कुठे. मालमत्ता कराचा क्रमांक. कर्ज फेडलं असेल तर बँकेने परत दिलेल्या कागदांची यादी. नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे तिकडच्यांनी हस्तांतराचे कागद वेगळ्या ओळीवर घ्यावेत.

एक विनंती. ही नोट सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. टाकणारे आहेत.

९_१७_ची_फास्ट

एक मुद्दा राहतोय. माझे मामा फार व्यवस्थित होते. सगळं ॲपमध्ये, रंगांसकट. ते अचानक गेले तेव्हा फोनचं कुलूप त्यांच्या बोटाचं आणि ॲप कुठलं तेच मामीला ठाऊक नाही. मामेभावाने मग सगळं बँकांच्या टपालावरून आणि जुन्या पासबुकांवरून जुळवलं.

तर गूगल वापरत असाल तर सेटिंगमध्ये निष्क्रिय खात्याची सोय आहे ती लावा. तुम्ही ठरवाल तितके महिने, किमान ३ आणि जास्तीत जास्त १८, खातं वापरात नसेल तर तुम्ही नेमलेल्या माणसांना, दहा जणांपर्यंत, कळवलं जातं आणि तुम्ही ठरवलेला मजकूर त्यांना उतरवता येतो. ॲपलमध्ये 'लेगसी काँटॅक्ट' आहे. पण तीन महिने कोण थांबणार? म्हणून जे तातडीने लागेल ते आधीच शेअर केलेलं हवं आणि कपाटात एक कागद हवा: अमुक ॲप, अमुक खातं, अमुक माणसाला विचारा. कागदच. यावर मासुंदाकाका हसतील.

आणि नॉमिनी तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात. जुनी विसरलेली खाती शोधायची असतील तर रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे, २०२३ मध्ये सुरू झालेलं. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी त्यावर नावाने शोधता येतात.

मासुंदा_काठी

हसलो नाही. आत्ता उठून तो कागद लिहिला.

जुना_हत्ती

आयडीवरून ओळखलं असेल, एव्हरनोट या नोट्सच्या ॲपच्या (हत्ती हे त्याचं बोधचिन्ह) पहिल्या काळातला माणूस. २००८ साली ते आलं तेव्हा असं दुसरं फारसं काही नव्हतं. मग मालक बदलले आणि २०२३ च्या अखेरीस फुकट खात्याला ५० नोटा आणि १ नोटबुक अशी मर्यादा आली. कंपनीला तो हक्क आहे, माझी तक्रार नाही. पण कुठल्याही ॲपमध्ये शिरताना मी आता बाहेरचा दरवाजा आधी बघतो. कीपमधलं सगळं गूगल टेकआउटने उतरवता येतं. एव्हरनोटची निर्यात जॉप्लिनला वाचता येते. ऑब्सिडियनमध्ये मुळात फाईलीच. ज्या ॲपमधून नोटा एकगठ्ठा बाहेर काढता येत नाहीत ते कितीही देखणं असो, घरच्या माहितीला नको.

आणि एक्सेल ऑफिसच्या लॅपटॉपवर आहे असं लिहिलंयत, ते आज रात्रीच हलवा. नोकरी सुटते तेव्हा लॅपटॉप आधी जमा करतात, मग बोलतात.

ऐरोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

कीपवरच ठरवलंय. बायको आधीपासून त्यातच आहे आणि बहिणीच्या आयफोनवरही चालतं, त्यामुळे वाद मिटला. एक्सेल हलवलं. तारखा कॅलेंडरमध्ये गेल्या. पासवर्ड बिटवॉर्डनमध्ये, तिथे अजून चाचपडतोय. घराच्या नोटेसाठी इंडेक्स टू काढला आणि 'टनन' खरंच तिथेच सापडलं.

काकांनी सांगितलं तसं बाबांशेजारी बसलो. डायरीत 'पा. ग. वरचा' अशी एक नोंद होती. म्हणजे पाण्याच्या वरच्या टाकीचा गडी, सोसायटीची टाकी साफ करणारा माणूस. नंबर अजून लागतो, फोनवर आता त्याचा मुलगा येतो. बाबा मध्येच म्हणाले, 'हे लिहू नकोस, ते मी सांगेन तेव्हा.' तिथे थांबलो. तीन पानं झालीत, बाकी येत्या रविवारी.

एक प्रश्न राहिला. उपकरणांची बिलं काय करता? मिक्सरचं बिल काढलं तर कोरा कागद.

जुना_हत्ती

थर्मल कागद. उष्णतेने छापतात आणि उष्णतेनेच उडतं. दुकानातून बाहेर पडायच्या आधी फोटो. मूळ बिल प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, काही प्लास्टिकने ते लवकर पुसट होतं. शक्य असेल तर दुकानदाराकडे ईमेलवर बिल मागा.

मीनल_नेरूळ

आणि उपकरणाच्या पाठीमागच्या पट्टीचा फोटो, मॉडेल आणि सिरीयल नंबरचा. फ्रिज भिंतीला लावायच्या आधी काढा. नंतर हलवत नाही कोणी.

ऐरोलीकर

काढतो. ता. क.: बहिणीला सगळ्या नोटा शेअर केल्या. तिने आज स्वतःची पहिली नोट टाकली, आईच्या रक्तदाबाच्या नोंदींची. शीर्षक दिलंय 'दादा हे बघ जरा'. शून्यबगांनी सांगितलेलं मूळ रूप वगैरे तिला समजावू का?

मीनल_नेरूळ

नाव बदलू नका. पुढे 'आई बीपी रक्तदाब' एवढं जोडा. ती 'दादा' टाकूनच शोधेल.